फक्त डावीकडे वळणारी स्कूटर

दादाचा फोन आला तेव्हा मी एका मोटरसायकलवाल्याचा जबाब वाचत होते. ‘मी माझ्या बाजूने शिस्तीत जात असताना विजेचा खांब अचानक समोर आला,’ असं त्याने लिहिलं होतं. मी विमा कंपनीत दुचाकीच्या अपघातांचे दावे तपासते. खांबाची बाजू ऐकून घ्यायची पद्धत आमच्याकडे नाही, त्यामुळे असे जबाब आम्ही गंभीर चेहऱ्याने वाचतो आणि पुढे पाठवतो.

“बाबांच्या स्कूटरला गिऱ्हाईक मिळालंय,” दादा म्हणाला. तो दुसऱ्या गावी असतो आणि तिथूनच आमचं घर आवरत असतो.

“कोण?”

“कॉफीचं दुकान काढतोय एक जण. जुन्या वस्तूंनी सजवायचंय त्याला. स्कूटर मधोमध कापणार. पुढचा भाग भिंतीतून बाहेर आल्यासारखा लावायचा आणि मागच्या भागावर काच टाकून टेबल करायचं. लोक बसून कॉफी पितील. बाबांना आवडलं असतं.”

बाबांना काय आवडलं असतं हे सांगणारी माणसं बाबा गेल्यापासून फार वाढली आहेत. बाबा होते तेव्हा त्यांना कोणी विचारायला येत नसे.

“विकायची नाही,” मी म्हटलं.

“मग काय करायची? खाली उभी राहून गंजतेय.”

“मी चालवणार आहे. ऑफिसला जाणार तिच्यावरून.”

“तू?” तो म्हणाला.

आमच्या घरात हा प्रश्न मला लहानपणापासून विचारला जातो. पोहायला जाताना, एकटीने प्रवासाला निघताना, कुकरचं झाकण बसवतानासुद्धा. मी कधी उत्तर देत नाही, पण प्रत्येक वेळी निश्चय थोडा जास्त घट्ट होतो. दादाने ‘तू?’ म्हटलं नसतं तर ती स्कूटर आज कॉफीच्या दुकानात असती, हे त्याला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी आईला सांगितलं. बाबा गेल्यापासून ती खिडकीशी बसून असे. खाली उतरायची वेळच तिने स्वतःवर येऊ दिली नव्हती. सामान मी आणायची, बाकीचं फोनवर व्हायचं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “नुसती उभी ठेवायची असेल तर नको. ती काय कपाट आहे? चालणार असेल तर राहू दे. तो माणूस पुढच्या महिनाअखेरीस येतोय ना? तोवर काय ते दाखव.”

म्हणजे मुदत ठरली. आता अडचण एवढीच होती की मी आयुष्यात कधी सायकलच्या वर गेले नव्हते, आणि सायकललाही दोन जास्तीची चाकं होती.

वाहतुकीचं शिक्षण मात्र मला भरपूर होतं. ते मला आई-बाबांच्या स्कूटरवर, पुढे उभं राहून आणि नंतर दोघांच्या मध्ये दाबून बसून, मिळालं होतं. इथे बाबांच्या मानेबद्दल सांगायला हवं. तरुणपणी कधीतरी ती आखडली आणि तशीच राहिली. समोर बघायचं असेल तर मान उत्तम होती. उजवीकडे बघायचं झालं की त्यांना खांद्यांसकट, आणि बसलेले असले तर जवळजवळ खुर्चीसकट वळावं लागे. स्कूटरला आरसे होते, पण आरशात लांब दिसणारा ट्रक प्रत्यक्षात जवळ असतो, असा खोटारडा माल गाडीवर नको म्हणून त्यांनी ते काढले आणि त्यातला एक दाढीला वापरला. मागे बघायचं काम आईकडे आलं. उजवीकडे वळायचं असेल तेव्हा आई मागून हात बाहेर काढायची. ती हात विनंती म्हणून दाखवत नसे. मागचे लोक थांबत. मग ती बाबांच्या खांद्यावर एक टिचकी मारायची आणि बाबा वळायचे. इतकी वर्षं त्यांना एक ओरखडासुद्धा आला नाही.

आई बरोबर नसली की बाबा उजवीकडे वळतच नसत. तीनदा डावीकडे वळलं की एकदा उजवीकडे वळल्यासारखं होतं, हे त्यांनी भूमितीतून काढलं होतं. माझ्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत एका छापखान्यात ते हिशेब बघायचे. बसने मी जितक्या वेळात पोचत असे त्याच्या दुप्पट वेळ त्यांना लागायचा. उशीर का झाला विचारलं तर ते म्हणायचे, “डावीकडून आलो.” आमच्या घरात हे कारण पुरेसं होतं.

तर मी स्कूटर चालवणार ही बातमी इमारतीत पसरली आणि आमच्या दाराच्या बेलला विश्रांती राहिली नाही. सल्ला देण्यात सगळ्यात पुढे तळमजल्यावरचे सेक्रेटरी. इमारतीचे सेक्रेटरी होण्यापूर्वी ते काय होते हे कोणालाच आठवत नाही. ते म्हणाले, “हेल्मेट घ्या, ते तर आलंच. पण गुडघ्यांचं काय? माणूस पडतो तो गुडघ्यावर.” समोरच्या काकू म्हणाल्या, गुडघ्यांचं नंतर, आधी कोपर. ऑफिसात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “तुम्ही रोज हे दावे वाचता,” ते म्हणाले, “आणि तरीही?” मी म्हटलं, “वाचते म्हणूनच काय काय करायचं नाही ते मला पाठ आहे.” ते म्हणाले, “खांबाचं लक्षात ठेवा.”

मी कोणाचाच सल्ला टाळला नाही. हेल्मेट, गुडघ्यांच्या ढाली, कोपरांच्या ढाली, हातमोजे, पायात जाड बूट आणि वर चमकत्या पट्ट्यांचं नारिंगी जाकीट. पहिल्यांदा हे सगळं घालून मी फाटकाशी उभी राहिले तेव्हा एक गाडी माझ्यापाशी हळू झाली. काच खाली करून चालवणाऱ्याने विचारलं, “खोदकाम किती दिवस चालणार आहे?” मी त्याला पलीकडच्या रस्त्याने जायला सांगितलं. सुरक्षित माणसाने रुबाबदारही दिसावं, ही अपेक्षा फार आहे.

मेकॅनिकने स्कूटरभोवती एक फेरी मारली, हॉर्न दाबून पाहिला आणि खाली बसला. “कोणाची होती?” त्याने विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, “चालू होईल. पण का चालू झाली ते मला विचारू नका.” त्याने ब्रेकच्या तारा बदलल्या, मी हट्टाने नवे आरसे बसवून घेतले, आणि वळण्याच्या दिव्यांपैकी डावा लगेच लुकलुकला. उजव्याच्या आत कोळ्याने घर केलं होतं. डाव्याचा बल्ब झिजला होता, उजवा नव्यासारखा होता. “हे असं कधी बघितलं नाही,” मेकॅनिक म्हणाला. मी त्याला भूमिती समजावत बसले नाही.

मग वाहन खात्याचं ऑफिस. शिकाऊ लायसन्स सहज मिळालं आणि त्यामुळे मी गाफील राहिले. गाडी आईच्या नावावर करायची होती. खिडकीतल्या कारकुनाने नोंद बघितली, बाहेर वाकून गाडी बघितली आणि म्हणाला, “ही ती गाडी नाही.”

“तीच आहे.”

“नोंदीत हिरवी आहे. ही करडी आहे.”

इमारतीच्या फाटकाला रंग दिला तेव्हा डबा उरला होता. डबा उरला की बाबा स्कूटरला रंग देत. “आतून हिरवी आहे,” मी म्हटलं.

“आतून म्हणजे?”

“खरवडून दाखवते.”

कारकून उठून बाहेर आला. असं काही त्यांच्याकडे रोज घडत नसावं, कारण त्याच्यामागून आणखी दोन टेबलंही आली. मी किल्लीने एका कोपऱ्यात खरवडायला लागले. करड्याखाली निळा निघाला. तो आमच्या स्वयंपाकघराच्या खिडक्यांचा. निळ्याखाली बदामी, दादाच्या आणि माझ्या अभ्यासाच्या टेबलाचा. त्या टेबलावर आम्ही मधोमध पट्टी ठेवून भांडायचो. मी थोडा वेळ तिथेच थांबले. कारकून म्हणाला, “हिरवा कुठाय?” मग मी पुढे खरवडलं आणि हिरवा निघाला.

“हा शेवाळी आहे,” दुसरं टेबल म्हणालं.

“जुना झालेला हिरवा म्हणजे शेवाळीच,” तिसरं टेबल म्हणालं. त्यांच्यात पूर्वीपासून काहीतरी असावं.

शेवटी निर्णय झाला की गाडी चारही बाजूंनी हिरवी दिसली पाहिजे. मी चारही बाजूंना तळहाताएवढी हिरवी खिडकी पाडली. त्या अवतारात मेकॅनिकने ती घरी आणून दिली तेव्हा सेक्रेटरी बराच वेळ बघत राहिले. “देवी आल्यासारखी दिसतेय,” ते म्हणाले. पण नावावर झाली होती.

शिकाऊ माणसाच्या मागे लायसन्सवाला माणूस बसलेला हवा, असा नियम आहे. आमच्या इमारतीत रिकामा वेळ आणि लायसन्स या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडे होत्या. सेक्रेटरींनी लायसन्स काढून दाखवलं. त्यावरच्या फोटोत त्यांना दाट केस होते. “तेव्हापासून चालवली नाही,” ते म्हणाले, “पण नियम बसण्याचा आहे, चालवण्याचा नाही.”

आम्ही निघालो. पहिल्या चौकात उजवीकडे वळायचं होतं. मी गाडी हळू केली आणि वाट पाहू लागले. काही होईना.

“हात दाखवा,” मी म्हटलं.

“कोणाला?”

“मागच्यांना. आपल्याला वळायचंय.”

“सोडू कसा?” सेक्रेटरी म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी मागची दांडी धरली होती. “तुम्हीच दाखवा.”

“मी चालवतेय.”

“मग वळू नका.”

हे मला पटलं. मी डावीकडे वळले. मग पुन्हा डावीकडे, मग पुन्हा, आणि अशी वळत वळत मी न ठरवता बाबांच्या रस्त्याला लागले. रोपं विकणाऱ्याच्या लांब भिंतीशेजारून तो जातो. तिथे सकाळी पाणी घातलेलं असतं आणि ओल्या मातीचा वास हेल्मेटच्या आतपर्यंत येतो. पुढे उतार आहे. तिथे इंजिनाचा आवाज कमी होतो आणि वारा सुरू होतो. इतका वेळ मी हँडल असं धरलं होतं की सोडलं तर ते गाडीतून निखळून पडेल. उतारावर हात जरा सैल झाले. रोज दावे वाचणाऱ्या बाईने असं म्हणू नये, पण मला मजा आली.

शाळेपुढे मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बाईंनी लांबूनच हातातला फलक उंच करून आम्हाला सलाम ठोकला. जवळ आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागे सेक्रेटरींकडे पाहिलं, आणि फलक हळूहळू खाली आला. मी हेल्मेट खाली करून मान हलवली. पुढच्या गल्लीत एक तपकिरी कुत्रा उठला आणि आमच्याबरोबर पळायला लागला.

“चावेल,” सेक्रेटरी म्हणाले. त्यांचे दोन्ही पाय आता माझ्या कानाशी आल्यासारखे वाटत होते.

कुत्रा चावला नाही. भुंकलाही नाही. तो गल्लीच्या टोकापर्यंत बरोबर पळाला, थांबला, आणि नोकरीची वेळ संपल्यासारखा परत फिरला. सेक्रेटरी त्यानंतर माझ्या मागे रोज बसले. पण डोळे मिटून बसायचे, कारण नियम बसण्याचा होता, बघण्याचा नाही.

परीक्षेच्या दिवशी मी पूर्ण पोशाखात गेले. वाहन निरीक्षक कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, “उजवीकडे वळायचं असेल तर काय कराल?”

“मागे बसलेला माणूस हात दाखवेल,” मी म्हटलं.

“मागे माणूस नसेल तर?”

“तर डावीकडे वळेन.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “तुम्हाला रोज कुठे जायचं असतं?”

“ऑफिसला.”

“पोचाल?”

“उशिरा पोचेन.”

खरं तर मला योग्य उत्तर ठाऊक होतं. आरसा, दिवा, मान, हात. पुस्तकातलं ते पान मला तोंडपाठ होतं. पण तोंडातून जे आलं ते पुस्तकाच्या बरंच आधी शिकलेलं होतं. तरी त्यांनी मला मैदानात सोडलं. आठाचा आकडा मी व्यवस्थित काढला. मग त्यांनी उजवीकडचा खांब दाखवला आणि तिथून वळायला सांगितलं. मी खांबापाशी गेले आणि थांबले. मागे परीक्षेला आलेल्या गाड्यांची रांग लागली. कोणीतरी हॉर्न वाजवला. खांद्यावर टिचकी काही पडली नाही. निरीक्षक चालत माझ्यापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, “बाई, आता घरी जा.”

पुढची तारीख मिळाली ती महिना उलटल्यानंतरची. त्या दिवशी सेक्रेटरींनी मला जिन्यापर्यंत सोडलं आणि वाटेत एकदाही सल्ला दिला नाही. इतका अपमान माझा आजवर कोणी केला नव्हता.

महिनाअखेरीस कॉफीवाला आला. दाढीवाला, अदबशीर मुलगा. त्याने टेपने मापं घेतली, हिरव्या खिडक्या बघून खूश झाला, आणि खडूने एक उभी रेघ ओढली. “इथून,” तो म्हणाला. रेघ पुढच्या आणि मागच्या सीटच्या बरोबर मधून गेली होती.

मी त्याला सांगत होते की परीक्षा बाकी आहे, आणि तो मला सांगत होता की दादांशी बोलणं झालंय. इतक्यात सेक्रेटरी खुर्चीवरून उठून उभे राहिले. मी वळून पाहिलं. आई जिना उतरून आली होती.

“ही रेघ कशाची?” तिने विचारलं.

“काकू, इथून दोन भाग करायचे. पुढचा भिंतीवर.”

“आणि मागचा?”

“त्याचं टेबल.”

“एकाच खोलीत?”

“जमलं तर,” मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला. “नाहीतर मागचा आमच्या दुसऱ्या दुकानात.”

आईने रुमाल काढला आणि रेघ पुसली. ती नीट पुसली गेली नाही म्हणून रुमालाचा कोपरा ओला करून पुन्हा पुसली. “चालू गाडी कापत नाहीत,” ती म्हणाली. “चालू आहे ना ग?”

“आहे,” मी म्हटलं, आणि किक मारली. स्कूटरने त्या दिवशी माझी लाज राखली.

“पण तुमच्या मुलाशी—”

“मुलगा लहानपणी पुढे उभा राहायचा. त्याचा भाग त्याला हवा असेल तर मी बोलेन त्याच्याशी. तू चहा घेऊन जा.”

चहा झाला, मुलगा टेप गुंडाळून गेला. वर येताना आईने जिन्यात थांबून विचारलं, “नापास का झालीस?”

“उजवीकडे वळता आलं नाही.”

“का?”

“मागे कोणी नव्हतं.”

“अगं, त्यांची मान आखडलेली होती,” ती म्हणाली. “तुझ्या मानेला काय झालंय?”

मी तिथेच, जिन्यात, मान उजवीकडे वळवून पाहिली. ती वळली. पार खांद्यापर्यंत वळली, भिंतीवरचं विजेचं मीटर दिसेपर्यंत. एका माणसाचं दुखणं आम्ही इतकी वर्षं वाहतुकीचा नियम म्हणून पाळत होतो आणि मी तो घेऊन सरकारी निरीक्षकाशी वाद घालायला गेले होते.

दुसऱ्या परीक्षेत सांगण्यासारखं काही घडलं नाही. निरीक्षकांनी विचारलं, “आज मागे कोण आहे?” मी म्हटलं, “कोणी नाही.” आरशात बघितलं, दिवा लावला, मान वळवली, हात दाखवला आणि खांबाला वळसा घालून आले. ते म्हणाले, “बरं.” माझ्या आयुष्यात इतकं मोठं कौतुक मला क्वचित मिळालंय.

सोमवारी सकाळी मी निघाले तेव्हा आई दारात चपला घालून उभी होती. “ऑफिसपर्यंत येते,” ती म्हणाली. “परत बसने येईन.” तिच्यासाठी हेल्मेट आणलेलं होतं, कधी विचारायचं एवढंच ठरत नव्हतं. ती मागे बसली, एकदा जागेवर सरकून घेतलं, आणि आम्ही फाटकाबाहेर पडलो. सेक्रेटरी खुर्चीत बसूनच होते, पण डोळे उघडे होते.

चौकाच्या अलीकडे आईचा फोन वाजला. “दादाचाय,” ती म्हणाली, आणि मी थांबू का विचारण्याआधीच त्याला म्हणाली, “नंतर कर. मला मागे बघायचं असतं.” मग तिने हात बाहेर काढला. माझा दिवा लुकलुकत होता, माझाही हात बाहेर होता. इतक्या बाजूंनी कळवल्यावर मागची बस थांबली, तिच्यामागची गाडीही थांबली, आणि आम्ही उजवीकडे वळलो. पुढच्या चौकात पुन्हा उजवीकडे. मग सरळ रस्ता, आणि ऑफिस.

मी फाटकाशी गाडी थांबवली. आई उतरली नाही.

“आलं एवढ्यात?” तिने विचारलं.

“आलं.”

“त्यांना केवढा वेळ लागायचा.”

“ते डावीकडून यायचे.”

“हो, पण काय आहे तिकडे?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आई त्या रस्त्याने कधीच गेलेली नाही. ती बरोबर असली की बाबा उजवीकडून जात. मी सांगायला तोंड उघडलं, मग राहू दिलं. साहेब गाडीतून उतरून आत चालले होते आणि घड्याळाकडे बघत होते. मी त्यांना लांबूनच नमस्कार केला, स्कूटर वळवली आणि डावा दिवा लावला.

रोपवाल्याच्या भिंतीशी आईने मागून विचारलं, “इथे मी काय करायचं?”

“काही नाही,” मी म्हटलं. “आजूबाजूला बघ.”